टेगवेनच्या दारातली घोडी

वेल्समधल्या पेन्टुइन गावाला टेगवेन पहिल्यांदा दिसली नाही, ऐकू आली. आणि तीही बंद दाराआडून.

तशी ती लग्न होऊन उन्हाळ्यातच गावात आली होती. डोंगरावरच्या मेंढपाळाची मुलगी, खाणीत काम करणाऱ्या एमलिन प्रिचर्डची बायको. चॅपेलात मागच्या बाकावर बसायची, स्तोत्रं म्हणताना ओठ हलवायची, पण आवाज पुढच्या बाकापर्यंतही पोचायचा नाही. दुकानात आपली पाळी आली तरी शेजारणीला पुढे जाऊ द्यायची. "एमलिननं मुकी बायको केलीय," असं बायका म्हणत. त्यात फारसा दुष्टावा नसे.

जानेवारीच्या मध्याला, जुन्या पंचांगाच्या नव्या वर्षाला, मारी नावाची घोडी निघाली. घोडीची खरी कवटी काठीवर चढवलेली, डोळ्यांच्या जागी हिरव्या बाटल्यांचे बुंधे, कानांशी रंगीत फिती, आणि खाली पांढऱ्या चादरीत वाकून उभा असलेला माणूस. त्याने दोरी ओढली की जबडा खटकन मिटायचा. ही मंडळी दारोदार जायची आणि बाहेरून गाऊन आत येऊ द्या म्हणायची. घरच्यांनी आतून गाऊनच नाही म्हणायचं, वर पाहुण्यांच्या नाकाची, आवाजाची आणि दारूची टर उडवायची. असे सवाल-जवाब कुणातरी एका बाजूची कडवी संपेपर्यंत चालत. शेवटी हरायचं असतं ते घरानंच. घर हरलं की दार उघडतं, घोडी आत येते, चुलीभोवती फिरते, बायकांना चावायला धावते, केक आणि बिअर फस्त करते आणि वर्षभराचं भलं मागे ठेवून जाते.

त्या वर्षी बाहेरच्यांचा पुढारी होता एमलिन. त्याच्या स्वतःच्या घरात जवाब द्यायची त्याची आई. पण तिचा घसा बसला होता. ती सुनेला म्हणाली, "जा, दोन कडवी म्हण आणि उघड दार. केक सुकतोय."

टेगवेन दाराशी गेली. बाहेरून एमलिनचा खडा आवाज आला:

"दार उघडा घरच्यांनो, गारठ्यानं मेलो,
डोंगर उतरून घोडीला घेऊन आलो."

आणि आतून, कुणी कधी न ऐकलेला, स्वच्छ, किंचित चिडका आवाज आला:

"घोडी तुमची हाडकुळी, धनी तिचा जाड,
आधी उतरा पाठीवरून, मग ठोका कवाड."

गल्लीत हशा पिकला. शेजारपाजारची दारं उघडली. टेगवेनचे आजोबा वाडीवर मेंढरं कातरताना कडवी जुळवायचे आणि ही नात त्यांना जवाब द्यायची, हे कुणाला ठाऊक असणार? एमलिननं फेकलेलं प्रत्येक कडवं ती हवेतच झेलून परत करत होती. बाहेरच्यांच्या पायांना कळा लागल्या. चादरीतला माणूस ओरडला, "अरे एमलिन, तुझीच बायको आहे ना ती? काहीतरी कबूल कर आणि चल आत!" शेवटी एमलिननं गायलं:

"अर्धा पलंग माझा आहे, अर्धी उशी माझी,
अर्धीच कडी काढ, सखे, अर्धी राहू दे तुझी."

टेगवेनला हसू फुटलं. हसू फुटलं की जवाब फसला, घर हरलं. घोडी आत आली आणि तिनं पहिला चावा नव्या सुनेच्या खांद्याला घेतला. त्या वर्षी खाणीत छत कोसळलं तेव्हा एमलिन नेमका पाणी प्यायला बाजूला गेला होता. लोक म्हणाले, मारी पावली.

घोडी आली त्याच रात्री अंथरुणावर एमलिननं तिला आपल्या थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात बर्फ फार होतं. आईला बाहेरच्यांची दया आली आणि तिनं सवाल-जवाब न होताच दार उघडलं. उन्हाळ्यात थोरला भाऊ खाणीत चिरडला. "दार हरून उघडायचं असतं, दयेनं नाही," एमलिन म्हणाला आणि झोपला. टेगवेन जागी राहिली.

ती गोष्ट तिच्यात तेव्हा रुतली ती रुतलीच. आता घोडीवर तिचा विश्वास आहे असं कुणी तिच्या तोंडावर म्हटलं असतं तर तिनं कानांवर हात ठेवले असते. ती चॅपेलवाली, रविवार न चुकवणारी. घरात वाद घालायचं काम एमलिनचं. पाद्रीबुवा एकदा चहाला आले आणि म्हणाले, "एमलिन, हा ख्रिस्ताच्याही आधीचा अंधार आहे. मेलेलं जनावर दारोदार नाचवायचं!"

"असेल, पाद्रीबुवा. पण चॅपेलाच्या खिडकीत तुम्ही ती काटेरी हिरवी फांदी लावता, ती कुठल्या प्रेषितानं आणली? बेथलेहेमात उगवते होय?"

"ती शोभेसाठी असते."

"आणि तुमच्या बाईसाहेबांनी दारावर मिसलटोच्या हिरव्या पानांचा झुबका टांगलाय, तो?"

"ती तिची हौस आहे."

"मग घोडी ही माझ्या आजोबांची हौस समजा. अहो, दुपारी चारला दिवस बुडतो तेव्हा माणसाला काहीतरी हिरवं, काहीतरी पेटतं आणि काहीतरी भुतासारखं घरात आणावंसं वाटतंच. वाढदिवस कुणाचा, हे मागाहून ठरलं."

पाद्रीबुवा हसले, केकचा आणखी एक तुकडा घेतला. मारी किती जुनी, यावर शहाण्यांचं काही एकमत नाही. कुणी म्हणतं, सूर्य परतावा म्हणून फार पूर्वीचे लोक हिवाळ्याच्या मध्यावर जनावराचं मुंडकं मिरवायचे, त्याचाच हा अवशेष. कुणी म्हणतं, दोन-तीनशे वर्षांपलीकडचा काडीचाही पुरावा नाही. एमलिनला दोन्ही चालायचं. टेगवेन ताटल्या उचलत राहायची.

मग गावाचं जे व्हायचं ते झालं. खाण बंद पडली. चॅपेलात गालिचांचं दुकान आलं आणि पुढे तेही गेलं. पोरं इंग्रजीत भांडू लागली आणि इंग्रजी गावांत नोकऱ्यांना गेली. टेगवेनची एकुलती मुलगी शोनेड ब्रिजेंडला बँकेत लागली. एमलिनच्या छातीत कोळशाची धूळ बसली होती, ती दर हिवाळ्यात थोडी थोडी वर येऊ लागली. लांब ओळ एका श्वासात म्हणता येईना, तेव्हा त्यानं पुढारीपण बर्विन-पाव याच्याकडे दिलं. गावात निम्मे लोक जोन्स आणि उरलेले बहुतेक डेव्हिस, त्यामुळे माणसं धंद्यावरूनच ओळखली जात. बर्विनची बेकरी होती. मनानं चांगला, आवाजानं दांडगा, पण त्याची वेल्श भाषा शाळेतली. ठरलेली जुनी कडवी त्याला पाठ होती. नवं जुळवायचं म्हटलं की पिठात पाणी जास्त झाल्यासारखा त्याचा चेहरा व्हायचा.

मारीची मंडळी आता मुख्यतः पबमध्ये जात. तिथे आतून जवाब द्यायला कुणी नसे. दुसऱ्या कडव्याला मालकीणच दार उघडून म्हणे, "या रे, सँडविचं तयार आहेत." बाहेरगावचे लोक कॅमेरे घेऊन उभे असत. आतून गाणारं एकच दार उरलं होतं, रांगेच्या टोकाचं, टेगवेनचं.

आणि ते दार हरेना.

बर्विन पुढारी झाल्यावरच्या पहिल्या जानेवारीत तिला वाटलं, चार कडव्यांत उरकेल. पण बर्विनची पाठ असलेली कडवी संपली आणि टेगवेनचा जवाब अजून ओठांवरच होता. बाहेर खोकणं, कुजबुजणं. मग बर्विन म्हणाला, "आंटी टेगवेन, हरलो बुवा आम्ही! नवं वर्ष सुखाचं जावो!" आणि बुटांचे आवाज उताराकडे गेले. टेगवेन केकचा ट्रे घेऊन बंद दारासमोर उभी. असं त्या घरात कधी झालं नव्हतं. खुर्चीतून एमलिन इतका हसला की त्याला धाप लागली.

पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्याही. गावात त्याची थट्टा होऊ लागली. "बँकेची तिजोरी फुटेल, टेगवेनचं दार नाही फुटायचं." तीही हसायची. पण दर वर्षी घोडी न येताच दिवस मोठे होऊ लागले की ती एमलिनचा श्वास ऐकायची आणि मनाशी दोन्हींचा संबंध जोडायची.

शेवटच्या हिवाळ्यात एमलिनची खाट खाली पुढच्या खोलीत आणली. शेजारी प्राणवायूचं यंत्र दिवसरात्र गुरगुरायचं. डॉक्टर टेगवेनला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाले, वसंत ऋतूपर्यंत टिकतील की नाही, सांगता येत नाही. नाताळ झाला, शोनेड येऊन गेली. एका दुपारी एमलिन म्हणाला, "टेग, यंदा तिला आत येऊ दे. एकदा माझा कान चावू दे तिला."

टेगवेननं कोट चढवला आणि बेकरी गाठली.

"बर्विन, यंदा तुम्ही जिंकायचं."

"मी दर वर्षी तेच ठरवतो, आंटी."

"थट्टा नको."

बर्विननं हात पुसले. "मग तुम्ही सरळ दार उघडा ना. कोण विचारतंय?"

"तसं उघडता येत नाही."

"बरं, मग दोन कडव्यांनी गप्प बसा. आम्ही काय पोलिसांत जाणार आहोत?"

"जवाब येत असताना गप्प बसले तर तिला कळेल."

"कुणाला?"

"घोडीला."

बर्विन हसायला गेला आणि तिचा चेहरा पाहून थांबला. "आंटी, ती कवटी माझ्या गोदामात पिठाच्या पोत्यांमागे असते. गेल्या साली उंदरांनी तिच्या फिती खाल्ल्या."

"ते मला माहीत नाही. तुम्ही नवी कडवी आणा. मला जवाब सुचणार नाही अशी."

"मग तुम्हीच शिकवा चार."

"मी शिकवलेल्याचा जवाब मला येणार नाही होय रे?"

हे खरंच होतं. बर्विननं मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून पाव द्यायला तो पोऱ्याऐवजी स्वतः येऊ लागला, आणि दारात न थांबता खाटेजवळ जाऊन बसू लागला. टेगवेनला पहिल्याच दिवशी कळलं. बर्विन आला की ती, दूध असलं तरी, दूध आणायला बाहेर पडायची आणि वाऱ्यात दुकानाच्या भिंतीला टेकून उभी राहायची. आत एमलिन श्वासाश्वासाला एकेक शब्द देत कडवं सांगायचा, बर्विन ते परत म्हणायचा. बर्विननं पेन्सिल काढली तेव्हा एमलिन म्हणाला, "कागद घेऊन दारात उभा राहिलास तर घोडी तुलाच चावेल. तोंडात ठेव." बर्विननं ती कडवी कणीक मळताना, भट्टीतून पाव काढताना, गाडी चालवताना घोकली.

टेगवेन त्या दिवसांत वेगळीच झाली होती. तिनं पुढची खोली घासली, यंत्राच्या नळ्या खाटेखालून वळवल्या म्हणजे घोडीला फिरायला जागा होईल, बिअरच्या बाटल्या आणल्या. शोनेडनं फोनवर विचारलं, "आई, बाबांना बरं वाटतंय का? तू आनंदात वाटतेस." टेगवेन म्हणाली, "यंदा वर्ष चांगलं जाईल."

ती संध्याकाळ आली. पाऊस नव्हता, बोचरा वारा होता. चहाच्या वेळेलाच अंधार. मंडळी वर चढून आली, टेगवेन कडी लावून दाराशी उभी राहिली. एमलिन तीन उशांना टेकून बसला होता.

नेहमीची कडवी झाली. नेहमीचे जवाब झाले. मग बर्विननं दम घेतला, आणि जे आलं ते बर्विनचं नव्हतं:

"छाती झाली कोळशाची, भाता गेला फाटून,
तरी आलोय दारी तुझ्या दुसऱ्याच्या तोंडातून."

टेगवेनचा हात दारावर तसाच राहिला. पण जवाब विचार करून थोडाच येतो? तो आलाच:

"उसना आवाज, उसनी टोपी, उसनंच सारं गाणं,
उसन्या पाहुण्याला इथून उपाशीच जाणं."

खाटेवरून एमलिनचा घरघरता हसण्याचा आवाज आला. तिनं स्वतःची जीभ चावली. बाहेरून पुन्हा:

"वर्षभराचा अंधार सारा तुझ्या दारी थांबला,
घोडी आत घे, नाहीतर सूर्य अजून लांबला."

इथे मी थांबेन, असं तिनं ठरवलं. थांबली. वारा ऐकला. पण तोंडात कडवं तयार असून मिटून धरणं म्हणजे खोटं हरणं. आणि ते कुणी पाहत नाही असं तिला वाटेना. तिनं गायलं, शक्य तितक्या हळू:

"सूर्य आमचा चुलीत आहे, कोळसा आहे पोत्यात,
घोडी तुमची हाडांची, बांधा तुमच्या गोठ्यात."

बाहेर कुणीतरी शीळ घातली. मग बर्विन पुढे आला. त्याचा आवाज अगदी दाराला चिकटून आला:

"किती हिवाळे या दारात आपण दोघे भांडलो..."

टेगवेननं डोळे मिटले. या ओळीला तिच्याकडे काही नव्हतं. आत सगळं रिकामं होतं, लग्नानंतर पहिल्यांदाच. दुसरी ओळ आली की ती हरणार होती, खरीखुरी. तिनं कडीवर हात ठेवला.

दुसरी ओळ आली नाही.

"किती हिवाळे या दारात..." बर्विननं पुन्हा सुरू केलं, आणि तिथेच अडकला. "आपण दोघे भांडलो..." बाहेर पाय बदलल्याचे आवाज. कुणीतरी इंग्रजीत म्हणालं, "म्हण ना काहीतरी!" बर्विन म्हणाला, "होती रे, आत्ता होती."

खाटेवर एमलिन पुढे वाकला होता. त्याचे ओठ हलत होते. पण घरातल्यानं बाहेरच्याला ओळ पुरवायची नसते. आणि पुरवायची म्हटली तरी श्वास कुठून आणायचा? त्याला खोकला आला, आणि तो थांबेना. टेगवेन दाराशीच उभी. मागे नवरा गुदमरत होता, पुढे घोडी उभी होती, आणि मध्ये बोटभर लोखंडी कडी.

"आंटी," बर्विनचा आवाज रडवेला झाला होता, "गेली. पार गेली ती ओळ. आंटी, उघडा ना हो."

तिनं कडी काढली नाही. दयेनं उघडलं तर काय होतं, ते तिला माहीत होतं.

थोड्या वेळानं बर्विन म्हणाला, "हरलो," आणि ते खाली निघून गेले.

टेगवेननं एमलिनला पाणी पाजलं, नाकातली नळी नीट बसवली. खोकला निवल्यावर तो म्हणाला, "ती भावाची गोष्ट मी तुला सांगायला नको होती. आईनं दार उघडलं असतं काय आणि लावलं असतं काय, ते छत कोसळायचंच होतं."

"मग आत्ता का सांगतोस?"

"आत्ता आठवलं."

तिनं त्याचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "ती दुसरी ओळ काय होती?"

एमलिननं मान हलवली. "ती बाहेरची आहे. घरात नाही सांगायची." तो थट्टा करत होता की नाही, हे तिला त्याच्याकडे पाहूनही कळलं नाही. नंतरच्या आठवड्यांत तिनं आणखी दोनदा विचारलं. पहिल्यांदा तो झोपेत होता. दुसऱ्यांदा त्यानं तोंड उघडलं, पण शब्द धरण्याइतका श्वास उरला नव्हता. मार्च लागला आणि एमलिन गेला.

दफनानंतर तिनं बर्विनला बेकरीत गाठलं. तो काउंटरवर कोपरं टेकून बसला. "मला वाटतं, 'माती'वर संपत होती, आंटी. किंवा 'वाट' होतं त्यात. भट्टीसमोर शंभर वेळा म्हटलीय हो मी ती." त्यानं पुढेही कितीदा प्रयत्न केला. पहाटे कणीक मळताना मुद्दाम पहिली ओळ म्हणून पाहायचा. दुसरी आली नाही.

पुढच्या जानेवारीत मंडळी आली तेव्हा टेगवेननं पहिल्याच कडव्याला दार उघडलं. त्यांना तयारी नव्हती. चादरीतला माणूस गोंधळून चौकटीला धडकला. घोडी खोलीत फिरली, एकदा जबडा वाजवला. कुणाला चावावं ते तिला कळेना. बाहेरगावच्या एका बाईनं फोटो काढला. सगळ्यांनी उभ्यानंच केक खाल्ला, छान झालाय म्हणाले आणि लवकर निघाले. नंतर टेगवेननं फरशीवर पडलेले मनुके वेचले.

त्यानंतर तिनं जवाब दिला नाही, आणि दोन-तीन वर्षांनी मंडळी तो चढ चढेनाशी झाली. बर्विननं बेकरी विकली. कवटी पबच्या भिंतीवर काचेत लावलेली आहे, खाली इंग्रजीत माहितीची पाटी. टेगवेनचं घर ब्रिस्टलच्या एका जोडप्यानं सुट्टीत राहायला घेतलं.

टेगवेन आता नव्वदीला टेकली आहे. ती ब्रिजेंडला शोनेडकडे असते. सोमवारी आणि गुरुवारी एक बाई येऊन तिच्या गुडघ्यांचा व्यायाम घेते.